शनिवार-रविवारसाठी शारजा: नातेवाईकांकडे धावती भेट द्यावी का?

धरमपेठी

नमस्कार. नागपूरहून शारजाला थेट विमान जाते हे बहुतेकांना माहीत आहे, परंतु त्याचा उपयोग आपण एकतर पुढचे विमान पकडण्यासाठी करतो किंवा आठवडाभराच्या दुबई सहलीसाठी. माझ्या मनात वेगळेच आहे. माझी मावसबहीण शारजातील अल नहदा भागात राहते. तिचे यजमान दुबईत नोकरी करतात आणि मुलगा शारजातील शाळेत जातो. "एकदा तरी येऊन जा" हा तिचा आग्रह लग्न झाल्यापासून चालू आहे, पण मला आणि पत्नीला एकाच वेळी लांबची रजा मिळण्याची चिन्हे नाहीत. म्हणून शुक्रवारी पहाटे निघावे आणि सोमवारी पहाटे परत यावे, असा बेत आहे. आई, म्हणजे तिची सख्खी मावशी, आमच्याबरोबर येईल.

प्रश्न दोन आहेत. एवढ्या थोड्या वेळासाठी परदेशी जाण्यात काही अर्थ आहे का? आणि त्यांचा फ्लॅट वन बीएचके आहे, तेव्हा आम्ही तिघांनी तिथेच उतरावे की जवळपास हॉटेल घ्यावे? हॉटेलचे नाव काढले तर बहीण बोलणे टाकेल, आणि न काढले तर तिच्या यजमानांची रवानगी हॉलमध्ये होईल.

काडीमात्र

जावई हॉलमध्ये आणि मावससासूबाई आतल्या खोलीत, हे दृश्य पाहण्यासाठी तरी जायलाच हवे.

सोनेगावचा शेजारी

माझे घर विमानतळाजवळ असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना पोहोचवण्याचे खाते आमच्याकडेच असते. त्या अनुभवावरून सांगतो. शारजाचे विमान रात्री उशिरा येते आणि तेच पहाटे परत जाते, त्यामुळे शुक्रवारी पहाटे निघायचे याचा अर्थ गुरुवारी मध्यरात्रीच्या सुमारास विमानतळावर हजर व्हायचे. त्या वेळी मेट्रो बंद असते, म्हणून गाडीची सोय आधी करून ठेवावी. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने तुम्ही उतराल तेव्हा तिकडे नुकती सकाळ झालेली असेल. शुक्रवार जवळजवळ पूर्ण हाती लागेल, मात्र रात्रभराच्या जागरणासकट.

हे विमान आठवड्याचे सर्व दिवस नसते आणि हंगामाप्रमाणे दिवस बदलतात. शुक्रवार आणि सोमवार ही जोडी तुमच्या महिन्यात जुळते का, हे पाहिल्याशिवाय बहिणीला शब्द देऊ नका. परतल्यावर सोमवारी थेट कार्यालयात जाणारे लोक मी पाहिले आहेत. दुपारच्या बैठकीत त्यांचे काय होते, ते पाहण्याचा योग मात्र आलेला नाही.

नियमावली

कागदपत्रांविषयी थोडे. तिघांच्याही पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत भारतीय पासपोर्टवर सरसकट व्हिसामुक्त प्रवेश नाही. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, अथवा ब्रिटन वा युरोपीय संघातील रहिवासाचा परवाना अशांसारखी कागदपत्रे असणाऱ्यांना तेथे उतरल्यावर अल्प मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. बाकीच्यांनी तो निघण्यापूर्वीच काढायचा असतो. पर्यटक व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो, म्हणजे तुम्ही तीनच दिवस राहणार असलात तरी शुल्क महिन्याचेच भरावे लागते. हा हिशेब खटकणार असेल तर बेताचा फेरविचार आताच करावा.

नातेवाईकांकडे उतरणार असाल तर बहिणीच्या किंवा तिच्या यजमानांच्या एमिरेट्स आयडीची आणि भाडेकराराची प्रत जवळ ठेवावी. परतीच्या तिकिटाची छापील प्रतही असावी. मुक्काम कुठे आहे, हा प्रश्न अलीकडे अधिक काटेकोरपणे विचारला जातो. आईंच्या पासपोर्टवर ईसीआरची (म्हणजे नोकरीसाठी काही देशांत जाताना सरकारी परवानगी लागते, अशी) नोंद असेल तर सोनेगाव विमानतळाच्या इमिग्रेशन खिडकीवर एखाददुसरा प्रश्न जास्त येऊ शकतो. नोकरीसाठी जात नसल्यामुळे त्यांना वेगळी परवानगी लागत नाही, पण उत्तर आईंनी स्वतः आणि न गोंधळता दिलेले बरे.

वाळवंटी वऱ्हाडी

मी मूळचा अमरावतीचा, शिक्षण नागपूरला झाले आणि आता बऱ्याच वर्षांपासून शारजात राहतो. यजमानाची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट सुटीची. 1 जानेवारी 2022 पासून अमिरातीत शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुटी झाली आणि सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस काम आले. शारजाने मात्र शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीनही दिवस सुटीचे ठेवले, आणि येथील शाळाही चारच दिवस भरतात. तुमचा भाचा शुक्रवारी घरी असेल, पण त्याचे वडील दुबईत खासगी नोकरी करत असतील तर शुक्रवारी कामावर जातील. तुम्ही सकाळी सातला दार वाजवाल आणि ते साडेसातला चावी उचलून बाहेर पडतील, कारण दुबईकडे जाणाऱ्या अल इत्तिहाद मार्गावर सकाळी उशीर करणाऱ्याला क्षमा नसते. संध्याकाळी तोच रस्ता उलट्या दिशेने तुंबतो. तेव्हा शुक्रवारी त्यांच्याकडून काहीही अपेक्षू नये.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत बुर्ज खलिफा, दुबई मॉल, वाळवंटातील सफारी आणि आता अबुधाबीचे मंदिर असतेच. शारजात राहणाऱ्याला यांपैकी प्रत्येक ठिकाणी जाताना हद्द ओलांडावी लागते. वाटेत सालिकचा पथकर असतो, जो गर्दीच्या वेळी 6 दिरहम आणि एरवी 4 दिरहम पडतो. पैशांचे कोणाला काही वाटत नाही. शनिवारी संध्याकाळी दुबई मॉलच्या वाहनतळात जागा शोधत तिसऱ्यांदा वर चढताना यजमान जे मनात म्हणतो, ते या धाग्यावर लिहिण्यासारखे नाही.

माझ्याकडे जे नातेवाईक फक्त भेटायला आले, त्यांचे येणे अजून आठवते. आमची एक आत्या आल्या तेव्हा त्यांनी ओट्यावर आधी डब्यांची रांग मांडली. बिबड्या, कुरड्या, मुगाच्या वड्या, भिवापुरी मिरचीचे तिखट आणि तळाशी कापडात बांधलेले सरगुंडे. मग पदर खोचून माझ्या बायकोला म्हणाल्या, "तू बस, मले फक्त कढई कुठं हाय ते सांग." दोन दिवस त्या समोरच्या सुपरमार्केटपलीकडे कुठेही गेल्या नाहीत, आणि जाताना माझा मुलगा लिफ्टपर्यंत त्यांच्या साडीला धरून गेला.

जागेचे म्हणाल तर हॉलमध्ये झोपणे आम्हाला नवे नाही. येथील निम्म्या मराठी घरांत हॉलमधला सोफा पलंग होणारा असतो आणि तो याच कारणासाठी घेतलेला असतो.

अजनीवाली

वाळवंटी वऱ्हाडी यांचा प्रतिसाद वाचून गहिवरून आले, तरीही मी असहमत आहे. आत्याबाई एकट्या होत्या, येथे तिघेजण जाणार आहेत. तीन माणसे अधिक तीन माणसे आणि एक न्हाणीघर, असा सरळ हिशेब आहे. सकाळी भाऊजींना कामावर जायचे, आईंना लवकर उठायची सवय, वहिनींना केस धुवायचे. कोणी तोंडाने काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भांड्यांचा आवाज वाढलेला असतो.

मी स्वतः नणंदेकडे मस्कतला गेले होते तेव्हा तिच्या इमारतीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी खोली घेतली होती. जेवणखाण, गप्पा आणि दुपारची झोप हे सगळे तिच्याकडेच व्हायचे, खोलीवर फक्त रात्र काढायची. पहिले दोन तास ती रागावली होती. नंतर तिनेच माझ्या जावेला सांगितले की, येणार असशील तर अशीच ये. फक्त खोली आधी घेऊन मग कळवावे. आधी विचारले तर उत्तर नकारच येणार.

फुटाळा काठ

अजनीवाली ताई, आमच्या पिढीत नातेवाईकांच्या गावी जाऊन लॉजवर उतरणे म्हणजे भांडण झाल्याची जाहीर नोटीस समजली जायची. काळ बदलला आहे, हे मान्य करतो. धरमपेठी यांनी आईंना मात्र बहिणीकडेच ठेवावे. मावशी-भाचीच्या गप्पा रात्री अकरानंतरच रंगात येतात, त्या वेळी आईंना हॉटेलकडे चालवत नेणे योग्य नव्हे.

शारजाचे नाव निघाले की आमच्यासारख्यांना पहिल्यांदा 1986 चा तो अंतिम सामना आठवतो, ज्यात मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, आणि मग ती जखम भरून काढणारा एप्रिल 1998 आठवतो. वाळूचे वादळ आलेल्या सामन्यातील सचिनच्या 143 धावा, आणि दोनच दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यातील 134 धावा. ते मैदान अजून तेथेच आहे. भाच्याला घेऊन बाहेरून का होईना, पाहून यावे.

काडीमात्र

काका, भाच्याचा जन्म त्यानंतरचा आहे. तो बाहेरून भिंत पाहील आणि मग मॉलमध्ये नेण्याचा हट्ट धरील.

गोरसपाक

सामानात काय न्यावे याविषयी कोणीच नीट लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. आपल्याकडून निघताना माणूस सांबारवडी (कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली वडी), संत्राबर्फी, वर्ध्याचा गोरसपाक आणि सावजी मसाला घेऊन निघतो. यांपैकी सांबारवडी आणि सावजी मसाला हे दोन पदार्थ बॅगेत ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण दोन्हींत खसखस असते आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आपल्या दृष्टीने ती वाटणातली वस्तू असली तरी तेथील कायदा तिचा संबंध अफूशी जोडतो. अनारसे न्यायचे असतील तर तेही खसखशीवर थापलेले नसावेत. घरच्या मसाल्याच्या पुडीत काय काय पडले आहे, हे करणाऱ्या बाईलाच ठाऊक असते, आणि तेथील अधिकाऱ्याला ते समजावून सांगायला ती बरोबर नसते.

निशाचर

हे खरे आहे का? माझ्या काकू दर वर्षी दिवाळीचा फराळ पाठवतात.

नियमावली

पूर्णपणे खरे आहे. गोरसपाक ताईंनी फार महत्त्वाचा मुद्दा काढला. आखाती देशांत आणि सिंगापूरमध्येही खसखशीबाबत कडक नियम आहेत. अधिकारी दर वेळी पिशवी उघडतीलच असे नाही, परंतु "शेजारचे काका घेऊन गेले होते, त्यांना काही झाले नाही" हा कोणत्याही देशात कायदेशीर बचाव ठरत नाही.

औषधांनाही हेच लागू आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोपेच्या काही गोळ्या तेथे नियंत्रित आहेत. अशी औषधे नेण्यासाठी तेथील सरकारी यंत्रणेची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. आईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी काय दिले आहे, ते पाकिटावरील घटकांसह तपासून घ्यावे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात.

पारा ४७

मे महिन्यात जाण्याचा विचार असेल तर एवढेच सांगतो की, नवतपा सोसलेल्या नागपूरकराने तेथील उन्हाला हसू नये. आपले ऊन कोरडे असते, कूलरपुढे बसले की माणूस जिवंत राहतो. तेथे समुद्राची दमट हवा असते, चष्म्याच्या काचांवर बाहेर पडताक्षणी वाफ धरते. नोव्हेंबर ते मार्च हाच खरा काळ. नोव्हेंबरात गेलात तर शारजाचे आंतरराष्ट्रीय ग्रंथप्रदर्शनही गाठता येईल. ते 1982 पासून भरते, आणि 2019 साली युनेस्कोने शारजाला जागतिक ग्रंथराजधानीचा मान दिला होता.

दोहाकर

नागपूरहून दोह्यालाही थेट विमान आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. तेथे भाऊ असल्याने आमच्या घरचे येतात. फरक इतकाच की कतारमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे शनिवार-रविवार गाठून येणारा पाहुणा रविवारी सकाळी घरात एकटा चहा करून पितो.

काडीमात्र

यापेक्षा काठमांडूला नातेवाईक शोधा. पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते.

नियमावली

चालते, परंतु नागपूरहून थेट विमान नसल्याने दिल्लीवरून जाण्यात वेळ मोडतो. शिवाय तेथे परंपरेने सुटी फक्त शनिवारची. आपण मूळ प्रश्नाकडे परत यावे.

धरमपेठी

सर्वांचे मनापासून आभार. खसखशीची गोष्ट आईला वाचून दाखवली तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली, कारण सांबारवडीचा बेत ठरलेला होता. ट्रॅमाडॉल तिच्या गोळ्यांत नाही, हे पाहून घेतले.

वाळवंटी वऱ्हाडी, तुम्ही लिहिलेले पत्नीला पटले आहे. बुर्ज खलिफा या खेपेला नको, असे ती स्वतःहून म्हणाली. मात्र आई पहिल्यांदाच देशाबाहेर पडते आहे, तिला अगदी चार भिंतींत बसवून आणणेही बरे वाटत नाही. दुबईत न शिरता, बहिणीच्या यजमानांना न दमवता, शारजातच तिला काय दाखवता येईल? आणि अबुधाबीचे मंदिर रविवारी जमण्यासारखे आहे का?

वाळवंटी वऱ्हाडी

मंदिराचे आधी सांगतो. त्याचे उद्घाटन 14 फेब्रुवारी 2024 रोजी झाले आणि दगडावरील कोरीव काम खरोखर पाहण्यासारखे आहे, पण शारजाहून जाण्यायेण्यात व दर्शनात रविवारचा मोठा भाग जाईल आणि त्याच रात्री तुमचे विमान आहे. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी या वेळी ते टाळीन. दर्शनच हवे असेल तर दुबईत जबल अलीला 2022 साली खुले झालेले मंदिर तुलनेने जवळ पडते.

शारजातच राहायचे असेल तर शनिवारी सकाळी इस्लामी संस्कृतीचे संग्रहालय पाहावे. खाडीच्या काठावरील जुन्या बाजाराच्या इमारतीत ते आहे. सोनेरी घुमटाखाली उभे राहून वर पाहिले की आतल्या बाजूला मोझाइकमध्ये राशिचक्रासह रात्रीचे आकाश दिसते. माझ्या आईने तेथे मान वर करून आधी स्वतःची रास शोधली आणि मग आम्हा सर्वांच्या. संध्याकाळी खालिद सरोवराच्या काठी अल मजाज भागात फिरावे. रस्ता सपाट आहे, बसायला बाके आहेत, भाच्याला पळायला जागा आहे. निळ्या टाइल्सचा सेंट्रल सूकही जवळच आहे, तेथे गालिचे फक्त हात लावून पाहण्याचे पैसे पडत नाहीत. आणि एखाद्या वेळी रोला भागात चक्कर मारावी. तेथील किराणा दुकानांत उभे राहिले की आपण नागपूरच्या इतवारी बाजारात नाही, हे आठवावे लागते.

काही गोष्टी आईंना आधी सांगून ठेवा. शारजात पोशाखाविषयीचे नियम दुबईपेक्षा कडक आहेत. साडी नेसणाऱ्यांना अडचण नाही, तुम्ही बर्म्युडा घालून खाली दूध आणायला जाऊ नका. मद्यावर येथे पूर्ण बंदी आहे, विमानातही मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात पण कॉल लागत नाही, तेव्हा "पोहोचलो की फोन करतो" असे घरच्यांना सांगून आलात तर ते रात्रभर जागे राहतील. येथील लोक बोटिम वापरतात, ते आधीच घेऊन ठेवावे.

अजनीवाली

सोन्याचा विषय अजून कसा निघाला नाही?

नियमावली

निघाला ते बरे झाले. सोन्याच्या दागिन्यांवरील करमुक्त सवलत ही वर्षभराहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या प्रवाशांसाठी आहे. शनिवार-रविवार जाऊन येणाऱ्याला ती लागू होत नाही. वहिनींनी तेथे बांगड्या घेतल्या तर परतल्यावर त्या जाहीर करून शुल्क भरावे लागेल. आईंच्या अंगावर जुने, वजनदार दागिने असतील तर ते घरी ठेवून निघणेच सोयीचे, म्हणजे परतताना ते इथलेच आहेत हे सिद्ध करावे लागणार नाही.

फुटाळा काठ

हॉटेलचे शेवटी काय ठरले?

धरमपेठी

आई बहिणीकडे राहील आणि आम्ही दोघे जवळच्या हॉटेलात. खोली घेतली आहे, बहिणीला अजून सांगितलेले नाही. अजनीवाली ताईंच्या सल्ल्याप्रमाणे विमानात बसण्यापूर्वी कळवीन, म्हणजे रागावायला तिच्याजवळ थोडाच वेळ राहील. जानेवारीतील शुक्रवार ठरला आहे आणि परतीचे विमानही त्या आठवड्यात जुळते आहे. भाऊजींना शुक्रवारची रजा घेऊ नका, असे मी वेगळा फोन करून सांगितले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

गोरसपाक ताई, आईचा एक प्रश्न आहे. खसखस वगळून सांबारवडी होते का? तिच्या मते ती सांबारवडी राहत नाही.

गोरसपाक

आईंना सांगा की होते, आणि बरी होते. खसखशीच्या जागी तीळ नेहमीपेक्षा थोडे जास्त घ्यावेत आणि ते खमंग भाजून अर्धवट कुटावेत, म्हणजे दाताखाली तोच बारीक कण येतो. चारोळी हात सैल सोडून घालावी. सुके खोबरे, धणे-जिरे, लिंबू आणि चिमूटभर साखर नेहमीसारखीच. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावी, नाहीतर प्रवासात वडीला आतून ओल सुटते. पारीला आतून चिंचेचा कोळ या वेळी अगदी पुसट लावावा. मंद आचेवर तळून पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करावा, आणि शुक्रवारीच संपवावी. कढी बहिणीकडे पोहोचल्यावर करावी, ताक तिथे चांगले मिळते.